शॉवरचे पाणी क्षणात गरम, क्षणात गार: दोष गिझरचा की नळाचा?

नळकाम आणि विजेचे काम करणाऱ्या आमच्या वाचकांना, तसेच हार्डवेअर व सॅनिटरीच्या दुकानदारांना, थंडी सुरू झाली की एक तक्रार हमखास ऐकावी लागते. शॉवरखाली उभे राहावे तर पाणी आधी बरे येते, मग एकदम गार होते, आणि नळ जरा फिरवला की अंग भाजते. गिऱ्हाईक म्हणते, गिझर खराब आहे. मिस्त्री गिझर उघडतो, कॉइल बदलतो किंवा नवीन गिझर लावून देतो. आठवड्याने पुन्हा बोलावणे येते आणि ती फेरी फुकटात करावी लागते. दुकानदाराकडे गिझर परत येतो तो वेगळाच. या कामात पैसा जातो आणि नाव त्याहून जास्त जाते, म्हणून आज या पानावर हाच विषय घेत आहोत.

गेल्या हिवाळ्यात लोणावळ्याच्या एका अनुभवी मिस्त्रींबरोबर आम्ही कुरवंड्याला गेलो होतो. गाव लोणावळ्यापासून जवळच आहे. एका अंगाला नौदलाचे आयएनएस शिवाजी, दुसऱ्या अंगाला नागफणीचा सुळका, आणि पुढे कोकणात उतरणारी जुनी घाटवाट. या भागात मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले बरेच आहेत. शेठ शनिवारी येतात, रविवारी जातात, मधले पाच दिवस घर बंद. अशाच एका बंगल्यात दोन वर्षांत तीन गिझर लागले होते आणि तक्रार होती तिथेच होती. त्यातच एका रविवारी पाहुण्यांच्या लहान मुलाच्या पाठीवर एकाएकी कढत पाणी पडले. फोड आले. शेठने फोनवर रखवालदाराला सांगितले की आता चौथा गिझर नको, कारण सांगणारा माणूस आण.

मिस्त्रींनी पिशवी दाराशीच ठेवली. आधी रखवालदाराला विचारले, "मामा, गार होते ते कधी होते? अंघोळीच्या सुरुवातीला, मध्ये की शेवटी? आणि गार झालेले पुन्हा आपोआप गरम होते का?" रखवालदार म्हणाला, "होते ना मिस्त्री. मिनिटभर गार, मिनिटभर गरम. तेवढ्यात कुणी खाली स्वयंपाकघरात नळ सोडला तर मग विचारूच नका."

या दोन वाक्यांत अर्धे निदान झाले होते. ते कसे, हे समजण्यासाठी शॉवरमध्ये काय घडते ते आधी पाहू.

शॉवरचे पाणी म्हणजे दोन पाण्यांचे मिश्रण. समजा गिझरचे पाणी ६० अंश आहे आणि टाकीचे २० अंश. दोन्हीकडून मिनिटाला चार-चार लिटर आले तर अंगावर ४० अंशांचे पाणी पडते. अंघोळीला ते ठीक. आता थंड बाजूचे पाणी चाराऐवजी दोन लिटर झाले, तर मिश्रण जवळजवळ ४७ अंशांवर जाते. एकच लिटर झाले तर ५२ अंश. गिझरमध्ये काहीही बदललेले नाही, थर्मोस्टॅट तिथेच आहे, तरीही अंग भाजते. उलट गरम बाजू अडली की त्याच हिशेबाने पाणी गार पडते. म्हणून गरम-गारची तक्रार आली की पहिला प्रश्न हा विचारावा, की दोन्ही नळ्यांतला दाब सारखा आहे का आणि तो सारखा राहतो का.

दाब म्हणजे उंची, हे मावळातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी घाट उतरून खोपोलीला जाते आणि १९१५ पासून तिथे वीज तयार होते. ती उतरण पाचशे मीटरच्या आसपास आहे. दर दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब, म्हणजे तिथे पन्नास किलोच्या घरातला दाब. आपल्या बंगल्यात मात्र टाकी स्लॅबवर आणि शॉवर त्याखाली दोन मीटरवर, म्हणजे दाब ०.२ किलो. खाली स्वयंपाकघराचा नळ टाकीपासून पाच मीटर खाली, तिथे ०.५ किलो. दोघेही एकाच अर्ध्या इंची नळीवर असतील तर खालचा नळ सोडताच पाणी तिकडे धावते आणि वरच्या शॉवरच्या थंड बाजूला धाप लागते. त्याच क्षणी वरचा माणूस ओरडतो. फ्लशची टाकी भरू लागली तरी हेच होते. जुन्या घरांत हा दोष फार आढळतो. इलाज सोपा आहे. टाकीपासून एक इंची किंवा सव्वा इंची मुख्य लाईन आणावी आणि तिच्यावरून प्रत्येक बाथरूमला वेगळा फाटा द्यावा. ते जमत नसेल तर निदान गिझरचा आणि शॉवरच्या थंड बाजूचा फाटा एकाच ठिकाणाहून घ्यावा, म्हणजे दाब पडला तरी दोन्ही बाजूंचा साधारण बरोबरच पडेल.

कुरवंड्याच्या बंगल्यात मात्र दोष याच्याही पुढचा होता. शॉवरला जोर नाही म्हणून कोणीतरी प्रेशर पंप बसवला होता. गिझरला जास्त दाब नको या भीतीने त्याने गिझरचा फाटा पंपाच्या आधीच काढला आणि पंप फक्त थंड लाईनवर ठेवला. म्हणजे मिक्सरच्या एका बाजूला पंपाचा दीड-दोन किलो दाब आणि दुसऱ्या बाजूला टाकीचा ०.२ किलो. पंप चालू झाला की थंड पाणी गरम बाजूला दाबून धरते आणि शॉवरमधून निव्वळ गार पाणी येते. लाईन भरली की पंपाचा स्विच पंप बंद करतो, दाब उतरतो, आणि दबलेले गरम पाणी पुढे येते. थोड्या वेळाने पंप पुन्हा चालू. मिनिटभर गार, मिनिटभर गरम याचा उगम हा. पंप बंद असताना खालचा नळ कोणी सोडला तर थंड बाजू जवळपास कोरडी पडते आणि शॉवरमधून नुसते गिझरचे पाणी येते. त्या मुलाची पाठ भाजली ती अशी.

मिस्त्रींनी हे तोंडी सांगून भागवले नाही, दाखवून दिले. गिझरच्या इनलेटचा अँगल कॉक पूर्ण बंद केला. मग बेसिनचा फक्त गरम नळ सोडला. गिझरला पाणी जातच नाही, तेव्हा क्षणभर ठिपकून तो नळ बंद पडायला हवा होता. पण पाणी धो-धो येत राहिले, तेही गार. म्हणजे शॉवरच्या मिक्सरमधून थंड पाणी गरम लाईनमध्ये शिरत होते. ही परीक्षा प्रत्येक शिकाऊ मुलाला शिकवावी अशी आहे. एक पाना आणि पाच मिनिटे, एवढाच खर्च.

मिक्सरमधून पाणी इकडून तिकडे जाण्याचे कारण बहुधा हाताच्या वापरातच असते. हँड शॉवरचे बटण तोंडाशी बंद करायचे आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच ठेवायच्या, ही सवय घरोघरी आहे. बाहेर जायला वाट नाही, म्हणून जास्त दाबाचे पाणी कमी दाबाच्या बाजूला सरकते. गिझरच्या इनलेटला एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे न सोडणारा व्हॉल्व नसेल, तर थंड पाणी गिझरमध्ये मागून शिरते आणि गिझरचे गरम पाणी थंड लाईनमध्ये जाते. फ्लशच्या टाकीत हात घालून पाहावा. पाणी कोमट लागले तर दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाही. एकाच दांडीच्या मिक्सरमध्ये आतले कार्ट्रिज झिजले तरी असेच होते. कार्ट्रिज बदलता येते, सगळा मिक्सर फोडण्याची घाई करू नये.

दुरुस्ती अर्ध्या दिवसात झाली. पंपाच्या पुढे टी टाकून गिझरचा फाटा तिथून घेतला, म्हणजे दोन्ही बाजूंना पंपाचाच दाब आला. गरम बाजूला सीपीव्हीसी नळी होती, ती तशीच चालली. मिक्सरच्या दोन्ही बाजूंना एकेक एनआरव्ही बसवला. गिझरला हा दाब सोसेल का, हे अंदाजाने ठरवले नाही. गिझरच्या पत्र्यावर सोसण्याचा दाब लिहिलेला असतो. आजच्या बऱ्याच साठवणीच्या गिझरवर ०.८ मेगापास्कल असे असते, म्हणजे साधारण आठ किलो. पंप दोन किलोचा. सेफ्टी व्हॉल्व मात्र तपासलाच पाहिजे, आणि त्याचे तोंड कोणी गळते म्हणून बूच मारून बंद केले असेल तर ते बूच त्याच वेळी काढून टाकावे. ज्या लहान गिझरवर कमी दाब लिहिला असेल, त्यांना पंपावर घेऊ नये.

आता दुसऱ्या तऱ्हेची तक्रार पाहू. पाणी सुरुवातीला छान गरम येते, चार-पाच मिनिटांनी गार होते आणि मग गारच राहते. इथे दाबाचा दोष शोधत बसू नये, हा साठ्याचा हिशेब आहे. १५ लिटरच्या गिझरमधले ६० अंशांचे पाणी २० अंशांच्या पाण्यात मिसळून ४० अंशांवर आणले, तर कागदावर ३० लिटर होते. मिनिटाला आठ लिटरच्या शॉवरखाली ते चार मिनिटेही पुरत नाही. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण खालून येणारे थंड पाणी आतल्या गरम पाण्यात थोडे मिसळतेच. पुन्हा तेवढे पाणी तापायला २ किलोवॉटच्या कॉइलला एकवीस मिनिटे लागतात. गिऱ्हाइकाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. मोठा शॉवर हवा तर २५ लिटरचा गिझर घ्यावा, नाहीतर कमी पाण्याचा शॉवर लावावा. हे खरेदीच्या वेळीच सांगणाऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक भांडायला परत येत नाही.

हाच गिझर दीड-दोन मिनिटांतच कोमट पडत असेल तर नळ्यांची अदलाबदल पाहावी. गिझरला निळ्या कड्याची बाजू आत जाणाऱ्या थंड पाण्याची आणि लाल कड्याची बाहेर येणाऱ्या गरम पाण्याची. उभ्या गिझरमध्ये बाहेरची नळी आत वरपर्यंत गेलेली असते, कारण गरम पाणी वर जमते. घाईत निळ्याचे लाल आणि लालचे निळे झाले तर थंड पाणी वर पडते आणि खालचे कमी तापलेले पाणी बाहेर येते. गिझर नवीन असतो, कॉइल चांगली असते, आणि तरी बिचारा बदनाम होतो. ही चूक कबूल करायला लाज वाटते, पण ती चांगल्या चांगल्यांच्या हातून होते.

तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरविषयी गिऱ्हाइकांचा गैरसमज फार मोठा आहे. त्याची ३ किलोवॉटची कॉइल पाण्याला २० अंश चढवायची तर मिनिटाला जेमतेम सव्वादोन लिटर पाणी देऊ शकते. आठ लिटरचा शॉवर त्यावर चालवला तर आतले तीन लिटर संपल्यावर पाण्याची गरमी टाकीच्या पाण्यापेक्षा पाच-साडेपाच अंशच जास्त राहते. तो बादलीचा किंवा स्वयंपाकघराचा गिझर आहे. शॉवरला तो लावून दिला तर तक्रार ठरलेली.

विजेचा भागही इथे येतो. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० चे १८० व्होल्ट झाले तर ३ किलोवॉटची कॉइल १.८ किलोवॉटच्या आसपासच काम करते आणि वर सांगितलेल्या एकवीस मिनिटांची चौतीस मिनिटे होतात. लाईनच्या टोकाला असलेल्या घरांत संध्याकाळी एक आणि सकाळी एक असे पाणी मिळते, ते यामुळे. मीटर लावून गिझर चालू असताना व्होल्टेज पाहावे, बंद असताना नव्हे. त्याच वेळी प्लगला हात लावून पाहावा. ३ किलोवॉटचा गिझर तेरा अँपिअर ओढतो. सॉकेट सैल असेल तर ते तापते, जळते, आणि पाणी कधी तापते कधी नाही असा लपंडाव सुरू होतो. सोळा अँपिअरचा सॉकेट, पुरेशा जाडीची तांब्याची वायर, चांगले अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी यांत तडजोड करू नये. पाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या मिस्त्रीला अर्थिंग नसल्याचे दिसले तर ते त्याने सांगितलेच पाहिजे, मग ते त्याचे काम असो वा नसो.

गॅस गिझरची गोष्ट निराळी. त्याची ज्योत पाण्याच्या प्रवाहावर पेटते. माणसाला पाणी फार गरम वाटले की तो गरम चावी कमी करतो, प्रवाह मंदावतो, आतला पडदा बसतो आणि ज्योत विझते. पाणी गार झाले म्हणून तो चावी वाढवतो, ज्योत पुन्हा पेटते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते गिझर बिघडला. गरम चावी पूर्ण उघडी ठेवून गरमी गॅसच्या खटक्याने कमी-जास्त करावी, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगितले तरी निम्मे काम होते. मग इनलेटची जाळी धुवावी, शॉवरच्या तोंडाची भोके साफ करावीत, रबरी पडदा आणि बॅटरीचे सेल पाहावेत. टाकी फार जवळ असेल तर दाब पुरत नाही, अशा ठिकाणी कमी दाबावर चालणारा नमुना निवडावा. आणि गॅस गिझर बंद बाथरूममध्ये लावू नये. हवा कमी पडली की जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि अंघोळ करणारा माणूस कळण्याआधीच पडतो. गिऱ्हाइकाने हट्ट धरला तरी हे काम नाकारावे. गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीला लावून फक्त नळी आत न्यावी.

किरकोळ दोष भराभर सांगून टाकतो. बोअरच्या पाण्यातले क्षार कॉइलवर थर धरतात, मग गिझर उशिरा तापतो आणि आतून खदखद असा आवाज येतो. जुन्या चावीतला रबरी वायसर गरम पाण्याने फुगतो, त्यामुळे सुरुवातीला नीट येणारे गरम पाणी हळूहळू बारीक होते. गच्चीवरच्या सोलरची नळी वर-खाली वळणे घेत आली असेल तर उंचवट्यावर हवा अडकते आणि गरम पाणी थांबत थांबत येते. अर्ध्या इंची नळीत दर मीटरला सुमारे १८० मिलिलिटर पाणी मावते, तेव्हा गच्चीपासून वीस मीटर नळी असेल तर पहिले साडेतीन लिटर गारच येणार, त्याला दोष म्हणू नये. आणि लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर इथे नुसत्या सोलरवर कोणाची अंघोळ होणार नाही, जोडीला विजेची कॉइल लागतेच.

थर्मोस्टॅटचा मिक्सर, म्हणजे मिश्रणाची गरमी स्वतःच सांभाळणारा, आता बाजारात मिळतो. किंमत जास्त आहे. मुले आणि म्हातारी माणसे असलेल्या घरात तो घ्यावा असे आम्ही म्हणू, पण आधी दोन्ही बाजूंचे दाब जुळवून. दाब विषम असताना तो लावला तर तोही हात टेकतो. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाच्या कातडीलाही पाचेक सेकंदांत खोल भाजते, मुलाला त्याहून लवकर. ५० अंशांना त्याच गोष्टीला काही मिनिटे लागतात. साधा मिक्सर असलेल्या घरात म्हणूनच रोजच्या वापराला गिझर ५० अंशांजवळ ठेवावा.

बंद राहणाऱ्या बंगल्यांसाठी एक सूचना वेगळी आहे. आठवडे-आठवडे साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून छातीत जातात. म्हणून शेठ यायच्या आधी रखवालदाराने गिझर एकदा पूर्ण ६० अंशांवर तापवून प्रत्येक गरम नळ काही मिनिटे सोडावा, आणि तेव्हा बाथरूमची खिडकी उघडी ठेवून स्वतः बाहेर थांबावे. टाकी रिकामी केली असेल तर गरम नळातून पाण्याची धार येईपर्यंत गिझरचे बटण दाबू नये. कोरडी कॉइल मिनिटांत जळते.

आता पैशाचे. बादली, घड्याळ आणि काचेचा किंवा डिजिटल थर्मामीटर एवढ्यावर हे सगळे निदान होते. मिनिटाला किती लिटर, किती अंश, दुसरा नळ सोडल्यावर किती, हे तीन आकडे चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावेत आणि तपासणीची मजुरी वेगळी सांगून घ्यावी. आमचे अनेक कारागीर ही मजुरी मागायला संकोचतात आणि ती नव्या गिझरच्या कमिशनमधून काढतात. मग गरज नसताना गिझर विकावा लागतो. कुरवंड्याच्या मिस्त्रींनी तपासणीचे पैसे आधीच ठरवले होते, म्हणून गिझर विकण्याची त्यांना गरजच पडली नाही. दुकानदारांनीही एनआरव्ही, इनलेटच्या जाळ्या, मिक्सरची कार्ट्रिजे आणि चार-सहा थर्मामीटर काउंटरवर ठेवावेत. नफा थोडा असतो, पण मिस्त्री दुसऱ्या दुकानात जात नाही.

काम झाल्यावर मिस्त्रींनी रखवालदाराला खाली स्वयंपाकघराचा नळ सोडायला लावला, फ्लश ओढला आणि स्वतः शॉवरखाली थर्मामीटर धरून उभे राहिले. काटा ३९ वर होता, तो ३८ वर आला आणि तिथेच थांबला. बंगल्यामागच्या खोलीत आधीचे दोन गिझर धूळ खात पडले होते. एकाची कॉइल मीटरने तपासली, ती शाबूत निघाली. दुसऱ्याचा फक्त थर्मोस्टॅट गेला होता. शेठला फोन लावून विचारले, आणि पहिला गिझर त्याच संध्याकाळी रखवालदाराच्या खोलीवर, वेगळ्या सॉकेटवर आणि अर्थिंग करून, बसवून दिला.